गाडीला घरचं ठिगळ

पायाखालची मॅट उचलली तेव्हा तिच्याखालचा नमदा ओला होता. काचा बंद, दारं बंद, तरी ओल. बाहेरून पाहिलं तर पुढच्या दाराखालच्या आडव्या पट्टीवर, जिला सिल म्हणतात तिच्यावर, रंगाखाली दोन फोड आलेले. बोटाच्या पेराएवढे. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं त्यातला एक दाबला. टोक आत गेलं, आणि कुठेही न अडता थेट मुठीपर्यंत गेलं.

मग हातोडीनं सगळी सिल वाजवत गेलो. धड पत्रा टणकन बोलतो, सडलेला थप्प करतो. मधल्या एका टप्प्यावर तिसराच आवाज आला, भिंतीवर थाप मारावी तसा. तिथे ठोकल्यावर लांबीचा, म्हणजे रंगाआधी खड्डे भरायला लावतात त्या पुट्टीचा, अंगठ्याएवढा जाड पोपडा सुटून खाली पडला. त्याच्याखाली रिव्हेट मारून बसवलेला एक पत्रा होता, आणि त्या पत्र्याच्या मागे जुना सडका पत्रा जसाच्या तसा. दोघांच्या मध्ये ओली तपकिरी माती. कधी काळी कुणीतरी ही ‘दुरुस्ती’ केली होती आणि वरून झकास रंग मारला होता. त्यानं गंजाला घरच बांधून दिलं होतं.

माझे मामा आयुष्यभर पत्र्याचं काम करत आले. त्यांना बोलावलं. ते गुडघ्यावर बसले, आत बोट घातलं आणि म्हणाले, “आभाळ फाटलंय की नुसती बाही, ते आधी बघ. ठिगळाचं नंतर बोलू.”

बघायला दोन दिवस गेले. सिल म्हणजे पोकळ पेटी असते: बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, आणि खाली दोघांच्या कडा एकमेकांवर ठेवून मारलेले स्पॉट वेल्ड, म्हणजे वेल्डिंगचे ठिपके. पेटीच्या तळाला पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. माझ्या गाडीत ती चिखलानं बुजली होती. पाणी आत साचलं आणि गंज आतून बाहेर आला. रंगावर फोड दिसतो तेव्हा आतलं काम कधीच उरकलेलं असतं. जोडाच्या कडांची गत तर आणखी वाईट. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, त्यामुळे दोन पत्र्यांमध्ये तयार झाला की पाचर मारल्यासारखा दोघांना फाकवतो. माझ्याकडे खालची कड फुगून पुस्तकाच्या भिजलेल्या पानांसारखी झाली होती.

वायर ब्रशनं रंग काढला, मार्करनं रेघ मारली. मामांनी रेघ बघितली, मार्कर माझ्या हातातून घेतला आणि दोन बोटं बाहेरून दुसरी मारली. माझ्या रेघेवर पत्रा दिसायला चांगला होता, पण खड्डे पडून निम्मा झाला होता. अशा पत्र्यावर वेल्डिंग म्हणजे वेल्डिंग नव्हेच, ती नवीन भोकं पाडायची युक्ती आहे. तरीही मागच्या चाकाच्या कमानीजवळ मी हट्टानं तीन बोटं जुना पत्रा वाचवला. त्याची शिक्षा पुढे येईल.

या गाडीसाठी तयार पॅनल मिळत नव्हतं, म्हणून घरी करायचं ठरलं. मिळत असतं तर बहुधा मी तेच घेतलं असतं. हेही सांगून ठेवतो की गाडी जुनी आहे, साध्या मऊ पोलादाची. नव्या गाड्यांच्या सिलमध्ये आणि दारांच्या खांबांत जास्त ताकदीचं पोलाद असतं. वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याची ताकद जाते. तिथे असले घरगुती उद्योग करू नयेत. सीट बेल्ट आणि सस्पेन्शन जिथे पकडलेलं असतं, तिथेही मी हात घातला नसता.

सिल कापायच्या आधी एक काम विसरून चालत नाही. गाडीची कंबर म्हणजे ही सिल. ती कापली की दाराची चौकट मिटते किंवा फाकते, आणि तुम्ही त्याच वाकड्या मापात नवा पत्रा जोडून टाकता. मग दार जन्मभर लागत नाही. म्हणून गाडी सपाट जागी चाकांच्या भारावर ठेवली, दाराच्या चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून घेतल्या, आणि मग दार काढून चौकटीत चौकोनी पाइपचा तिरपा आधार वेल्डिंगचे छोटे टाके मारून पक्का केला. बॅटरीची वायर काढली. सीट, मॅट, नमदा, आतलं डांबरी अस्तर, सगळं बाहेर.

आता पत्रा. माझ्याकडे जस्त चढवलेल्या पत्र्याचा एक तुकडा पडून होता आणि मला वाटलं, वा, हा तर गंजणारच नाही. मामा म्हणाले, “वेल्डिंग करून बघ, मग वास घे. नको, वास घेऊच नकोस.” लोखंड वितळायला साधारण १५०० अंश लागतात, जस्त मात्र ९०७ अंशांवर उकळून वाफ होतं. म्हणजे लोखंड वितळायच्या आधीच जस्ताचा पांढरा धूर निघतो, जोडात बुडबुडे अडकतात, आणि तो धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. तुकडा बाजूला ठेवला. कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड असताना लाटलेला साधा सीआर पत्रा घेतला. जुन्या पत्र्याची जाडी गंजक्या काठावर मोजली तर अर्धी भरते, म्हणून वर, रंग खरवडून, निरोग्या जागी कॅलिपर लावला. कमानीजवळ ०.८ मिलिमीटर, सिलला १ मिलिमीटर. तेवढाच घेतला. जाड घेतला तर मजबूत होईल असं वाटतं, पण जाड आणि पातळ एकत्र जोडताना पातळ आधी वितळून गळतो.

या कामात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पुठ्ठ्यानं. खोक्याचा पन्हळीचा पुठ्ठा नव्हे, फायलीच्या कव्हरसारखा पातळ, कडक. तो सिलवर चिकटपट्टीनं लावायचा, कडांवरून बोट दाबत जायचं, खुणा उमटवायच्या, कापायचं, परत लावून बघायचं. पुठ्ठा घडी घेतो आणि एका दिशेनं गोलही होतो. दोन दिशांनी एकदम गोल व्हायला सांगितलं की चुरगळतो किंवा फाटतो. पत्र्याचं तसंच आहे. पुठ्ठा जे निमूटपणे करतो ते पत्र्याला नुसतं वाकवून होतं. पुठ्ठा जिथे चुरगळतो तिथे पत्रा ठोकून आवळावा लागणार आणि फाटतो तिथे ताणावा लागणार, हे पत्र्याला हात लावायच्या आधीच कळतं. असा पुठ्ठा चार वेळा कापून मी अडीच फुटांचा एक लांब तुकडा तीन छोट्या तुकड्यांत विभागला. पैकी दोन नुसत्या घड्यांचे निघाले.

पहिला तुकडा मात्र मापात चुकला. बाहेरून मापं घेतली, चारही बाजू बेरजेनं मांडल्या, घड्या घातल्या, आणि तुकडा पाच मिलिमीटर मोठा. गुण्या लावून बघितलं, घड्या बरोबर. दुसऱ्यांदा केला, परत पाच मिलिमीटर. मग डोक्यात प्रकाश पडला. घडी घालताना पत्रा टोकदार कोपरा करत नाही, गोलावा घेतो, आणि गोलावा हा कोपऱ्यापेक्षा जवळचा रस्ता असतो. १ मिलिमीटर पत्र्याच्या काटकोनी घडीत बाहेरच्या मापांच्या बेरजेपेक्षा साधारण दीड ते दोन मिलिमीटर पत्रा कमी लागतो. तीन घड्यांचे पाच. तेव्हापासून मी आधी दोन बोटं रुंद पट्टी एका घडीत वाकवून मोजतो आणि त्या मापानं आखतो. हे गणित कागदावर करता येतं, पण पट्टी खोटं बोलत नाही.

घड्या घालायला यंत्र नव्हतं. लोखंडी अँगलचे दोन तुकडे व्हाइसमध्ये उलटसुलट उभे धरले, दोन्ही टोकांना क्लॅम्प लावले, पत्रा मधे. आखलेली रेघ अँगलच्या काठावर तंतोतंत. मग सरळ लोखंडी हातोडी न मारता वर लाकडी फळी धरून तिच्यावर ठोकायचं. इथे घाईला शिक्षा आहे. एका टोकाला पूर्ण वाकवून दुसऱ्या टोकाकडे गेलात तर मधला पत्रा ताणला जातो आणि घडीत लाटा येतात. संपूर्ण लांबी आधी दहा अंश, मग वीस, मग तीस, असं दळण दळल्यासारखं पुढे-मागे जायचं. शेवटी गुण्याच्या दोन-तीन अंश पलीकडे न्यायचं, कारण सोडल्यावर पत्रा तेवढा मागे येतो.

तिसरा तुकडा चाकाच्या कमानीचा. कमानीच्या काठाला आतल्या बाजूनं १२ मिलिमीटरची मुडप असते. पहिल्यांदा मी सोपा मार्ग घेतला: काठावर कातरीनं चिरा पाडल्या आणि एकेक जीभ वाकवली. जिभा पंख्यासारख्या फाकल्या आणि मधे उघडी त्रिकोणी तोंडं राहिली. ती वेल्डिंगनं भरायची म्हणजे कमानीच्या नाजूक काठावर चौदा ठिकाणी उष्णता. तो तुकडा मामांनी उचलला, प्रकाशासमोर धरला आणि एवढंच म्हणाले, “कंगवा छान झालाय.”

जिभा फाकल्या म्हणजे काठाला पत्रा कमी पडत होता. माझ्या कमानीची त्रिज्या ३३० मिलिमीटर. मुडपीचा काठ वाकवण्याआधी ३१८च्या त्रिज्येवर असतो आणि वाकवल्यावर ३३०वर जायला हवा. म्हणजे सुमारे चार टक्के लांब व्हायला हवा. मऊ पोलाद तेवढं सहज ताणतं, घाई केली नाही तर. जाड लाकडी फळीला कमानीचा आकार दिला, तिचा काठ थोडा गोल केला, पत्रा तिच्यावर ठेवून वरून तसाच दुसरा लाकडी तुकडा आवळला, आणि बाहेर राहिलेला काठ छोट्या हातोडीनं थोडा थोडा खाली बसवत गेलो. पहिल्या प्रयत्नात दोन ठिकाणी तडा गेला. तडा नेमका तिथे, जिथे कातरीची धस, म्हणजे कापताना उरलेली खरबरीत कड, राहिली होती. पुढच्या वेळी काठ कानशीनं गुळगुळीत केला, नंतर बारीक कागदानं घासला. मुडप अखंड उतरली. सांगायला हरकत नाही, त्या संध्याकाळी तो तुकडा मी घरात आणून टेबलावर ठेवला होता.

जोड कसा द्यायचा, एकावर एक चढवून की काठाला काठ भिडवून? चढवलेला जोड सोपा, भोक पडायची भीती कमी. पण दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत परत पाणी बसणार, आणि ती गोष्ट मी त्या रिव्हेटवाल्या पत्र्यात डोळ्यांनी पाहिली होती. म्हणून वर काठाला काठ, मधे जेमतेम मिलिमीटरभर फट. ही फट लागतेच. वितळलेला धातू त्यातून मागच्या बाजूला उतरतो, आणि तापून फुगलेल्या कडांना जागा मिळते. फट एकसारखी करण्यात मी पूर्ण एक दिवस घालवला. कानस, लावून बघ, कानस, लावून बघ. जिथे फट तीन मिलिमीटर झाली तिथे पुढे वेल्डिंगला पंधरा मिनिटं जास्त गेली आणि तोंडून अपशब्दही गेले. खालच्या कडेला मूळ जोड होता तसाच ठेवला: नव्या पत्र्याला इंचा-इंचावर ६ मिलिमीटरची भोकं पाडली, दोन्ही कडांना मधल्या बाजूनं जस्ताचा प्रायमर लावला, आणि भोकांतून मागच्या पत्र्याला धरून ती वेल्डिंगनं भरली. भोकांच्या आतून प्रायमर खरवडला, म्हणजे जस्त वेल्डमध्ये कमी जातं.

मशीन मिग, म्हणजे तार आपोआप पुढे सरकवत गॅसच्या आडोशानं वेल्डिंग करणारं, तार ०.६ मिलिमीटर, गॅस आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचा मिश्र. एवढ्या पातळ पत्र्यावर कांडीचं वेल्डिंग मी तरी करू शकलो नाही. तुकड्यावर करून बघितलं, कांडी टेकली की खिडकी. मिगचं सेटिंगही आधी त्याच पत्र्याच्या तुकड्यांवर जमवलं. आवाज सलग चरचरीत आला की बरं चाललंय. फट्-फट् करून तार पत्र्याला ढकलत असेल तर तारेचा वेग जास्त आहे. मागून उलटून बघायचं: मागे बारीक रेघ उमटली असेल तर धातू आरपार गेला, नसेल तर वर नुसती माळ चिकटवली आहे. पहिल्या दिवशी दार उघडं ठेवून काम करत होतो आणि टाक्यांवर स्पंजासारखी छिद्रं येत होती. अर्धा तास मशीनला दोष देत बसलो. वाऱ्यानं गॅस उडत होता.

आता शिक्षा. मी हट्टानं वाचवलेली ती तीन बोटं. तिथे पहिला टाका मारला, भोक. भोक बुजवायला दुसरा मारला, भोक मोठं. मागे तांब्याची पट्टी दाबून धरली, कारण वेल्डिंग तांब्याला चिकटत नाही आणि उष्णता ते ओढून घेतं. भोक भरलं, पण बाजूला नवं उघडलं. संध्याकाळपर्यंत ती जागा मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसत होती. दुसऱ्या दिवशी सगळं कापून टाकलं, अगदी मामांच्या रेघेपर्यंत, आणि एक चौथा तुकडा बनवला. मामा काही बोलले नाहीत. मार्करचं टोपण तेवढं लावून दिलं.

दुसरी चूक त्याहून मोठी. टाके चार कोपऱ्यांत, मग मधे, मग त्यांच्या मधे, असं विखरून मारायचं आणि हात लावता येईल इतका गार झाल्याशिवाय शेजारी जायचं नाही, हे मला माहीत होतं. पण सिलच्या वरच्या सपाट भागावर टाके इतके सुरेख पडत होते की मी मोहात पडलो आणि बोटभर लांबीचा जोड एका दमात ओढला. गार होताना पत्र्यातून टक् असा आवाज आला. हात लावला तर पत्रा डब्याच्या बुडासारखा आत-बाहेर टकटक करतोय. वितळलेला धातू गारठताना आकसतो, जोडाची रेघ आखूड होते आणि बाजूचा पत्रा फुगतो. फुगलेल्या जागी हातोडी मारून काही होत नाही, उलट तो आणखी फुगतो. मारायचं असतं त्या आकसलेल्या रेघेवर. जोड आधी ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्कनं, म्हणजे घासकागदाच्या चकतीनं, जवळजवळ सपाट केला, पाठीमागून डॉली, म्हणजे हातात धरायचा जड लोखंडी ठोकळा, धरली आणि जोडाच्या रेघेवर हलके हलके ठोके देत गेलो, म्हणजे ती रेघ दबून परत लांब होईल. वीस-पंचवीस ठोके, हात फिरवून बघ, परत. पाऊण तासानं टकटक थांबली. पेटी बंद असती तर डॉली आत गेलीच नसती. माझ्या सुदैवानं खालची कड तोवर जोडली नव्हती.

ग्राइंडरही याच पापाचा भागीदार आहे. जोड घासताना पत्रा निळा पडला म्हणजे वेल्डिंगइतकीच उष्णता दिली. थांबून थांबून घासायचं.

आग लागली ती तिसऱ्या दिवशी. मोठी नाही. आतलं डांबरी अस्तर मी खरवडलं होतं, पण कोपऱ्यात एक चकती राहिली होती आणि बाहेरून टाका मारताना तिनं आत पेट घेतला. हेल्मेट खाली असताना आपल्याला फक्त आर्क दिसतो. वास आला म्हणून काच वर केली. आत बघायला दुसरा माणूस असावा आणि हाताशी अग्निशामक असावा हे मी वाचलं होतं, पण माणूस चहा आणायला गेला होता. ओल्या गोणपाटानं विझली. तेव्हापासून काम संपल्यावर अर्धा तास गाडीजवळून हलायचं नाही असा नियम केला. आणखी एक, जे खरंच जिवावरचं आहे: काही ब्रेक क्लीनर क्लोरीनवाले असतात. त्यांनी पुसलेल्या ओल्या जागेवर आर्क पेटवला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. पुसायचंच तर क्लोरीन नसलेलं वापरायचं, आणि तेही पूर्ण वाळू द्यायचं. डोळ्यांचं सांगायला नकोच. एक टाका ‘नुसता’ हेल्मेटशिवाय मारला होता. रात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं झालं.

रंगाचं फार काही नाही. बाहेरून इपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीलर, लांबी अगदी पातळ, खरवडायला पुरेल एवढीच. लांबी पाणी शोषते, म्हणून ती भोक बुजवायला वापरायची वस्तू नव्हे. आतल्या बाजूचा रंग वेल्डिंगनं जळून गेलेला असतो आणि तिथे ब्रश पोहोचत नाही. म्हणून पेटी बंद करण्याआधी पाणी निघायची भोकं तळाला परत पाडली होती, आणि सगळं झाल्यावर लांब नळीनं आत पातळ मेण फवारलं, इतकं की भोकांतून ठिबकायला लागलं.

चौकटीतला आधार कापताना छाती धडधडत होती. पाइपचा शेवटचा टाका सुटला, काहीही हललं नाही. दार लावलं, लिहून ठेवलेल्या फटी मोजल्या. तीन बाजूंना तेवढ्याच, मागच्या बाजूला अर्धा मिलिमीटर कमी. दार लागतं. चार दिवसांनी वरून बादलीभर पाणी ओतलं आणि खाली वाकून बघितलं. थोडा वेळ काही नाही, मग तिन्ही भोकांतून धार.

मामा पलीकडे गेले होते. तिकडून टणटण, टणटण, असा हातोडीचा आवाज येत होता. मग थप्प. त्यांनी गाडीच्या टपावरून माझ्याकडे पाहिलं. मी खिळ्याला टांगलेले पुठ्ठे काढले. त्यांच्यावर ‘उजवी’ लिहिलं होतं. उलटे केले आणि पाठीवर ‘डावी’ लिहायला मार्कर शोधू लागलो. तो मामांच्या खिशात होता.